उतरवलेल्या तारा

बापू सुतारांनी आयुष्यात पहिल्यांदा केरसुणी हातात घेतली तेव्हा ते बहात्तर वर्षांचे होते, आणि केर त्यांनी दारातून आत लोटला. समोरच्या दुकानात सतारीला खुंट्या बसवणारे दोघे हातातलं काम टाकून बघत राहिले. मिरजेची ही आमची गल्ली वाद्यं बनवणाऱ्यांची. इथं कुणाच्या घरात काय वाजतंय ते सगळ्यांना ऐकू येतं आणि कुणाचं काय बिनसलंय तेही फार दिवस लपत नाही.

"बापू, राहू द्या. मी करते हळूहळू," आतल्या कॉटवरून शर्वरी म्हणाली.

"तू पडून ऱ्हा गं. दंडाला मशीन लावलंय न्हवं? मशीन बघायलंय सगळं."

मशीन बघत होतं हे खरं. पण ते नेमकं काय बघत होतं हे बापूंना उमगलं नव्हतं आणि जिनं सूचना नीट ऐकली होती तिनं तोंड उघडलं नाही. पुढचा घोटाळा त्यातून झाला. एक मात्र आधीच सांगून ठेवतो. या घोटाळ्यात वाईट माणूस कुणीही नाही. सगळे चांगले वागले म्हणूनच तो झाला.

शर्वरी ही बापूंची सून. माहेर जयसिंगपूरचं, विज्ञानाची पदवी घेतलेली. लग्न होऊन आली तेव्हा तंबोऱ्याला चार तारा असतात यापलीकडं तिला काही ठाऊक नव्हतं. बापूंचा मुलगा रणजित दुकान आणि गिऱ्हाईक सांभाळायचा. घरातली खरी विद्या बापूंच्या हातात होती, ती म्हणजे जवारी काढण्याची. तंबोऱ्याच्या तारा ज्या चपट्या घोडीवरून जातात, तिचा माथा कानशीनं इतक्या हलक्या उताराचा घासायचा, की तार तिला टेकते न टेकते अशी राहिली पाहिजे. मग त्या एका तारेतून नुसता सूर न येता सुरांचा झंकार उठतो. वाजवून वाजवून तो दबतो, तेव्हा जवारी पुन्हा काढावी लागते. हल्ली घोडीला प्रयोगशाळेत वाढवलेलं हाड येतं, पण ते घासायला अजून माणसाचाच हात आणि माणसाचाच कान लागतो.

रणजितचा कान बेताचा. सुनेचा मात्र तयार निघाला. बापूंनी तिला हाताखाली घेतली आणि पाच वर्षांत धारवाडपासून पुण्यापर्यंतचे गवई "जवारी सूनबाईंकडूनच काढून द्या" म्हणू लागले. बापूंना याचा केवढा अभिमान होता! अर्थात तो त्यांनी तिला कधी बोलून दाखवला नाही. जवारी मनासारखी लागली की ते "हं" म्हणत. त्यांच्या शब्दकोशात याहून मोठा शब्द नव्हता.

मग तो ताप आला. पावणेतीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत गावभर एक विषाणू फिरून गेला. आठवड्याभरात लोक उठले. शर्वरीही उठली, पण रणजित म्हणतो तसं, "ती अंथरुणातनं उठली, तापातनं न्हाई उठली." अंघोळ केली की तिला तासभर आडवं व्हावं लागे. एका दिवशी जवारीचं काम केलं की तिसऱ्या दिवशी अंग असं गळून जाई की तोंडातला घास चावणं नको होई. उजेड खुपायचा, भांडं पडलं तरी कपाळात घण बसायचा, आणि कानावर जगणाऱ्या बाईला आवाज सोसेना होणं म्हणजे काय ते तुम्हीच बघा. रक्ताचे रिपोर्ट सगळे चोख. डॉक्टर म्हणत, ताण घेऊ नका.

बापू म्हणत, "कामाला लागलं की थकवा पळतोय." ते काही दुष्टपणानं म्हणत नव्हते. त्यांचं स्वतःचं आयुष्य याच औषधावर निघालं होतं. शर्वरीलाही ते पटायचं. म्हणून तिनं सगळं अंगावर काढलं. कामाला लागायची, पडायची, पुन्हा लागायची. होता होता एक दिवस कानस हातातून सुटली ती सुटलीच, आणि जवारीचं काम रणजितच्या बेताच्या कानावर येऊन पडलं. तंबोरे परत येऊ लागले. एकदा ओट्यावर बसून बापू पाहुण्यांना म्हणाले, "पोरगी गुणाची हाय, पर कामाचा कंटाळा." भिंतीपलीकडं शर्वरी जागी होती.

*

कृष्णाघाटाच्या रस्त्याला थकव्याच्या आजाराचं नवं केंद्र निघालं तेव्हा रणजित तिला रिक्षात आडवी घालून तिथं घेऊन गेला. बापू मागून आले. डॉक्टर होत्या यास्मिन मुल्ला, तिथल्याच, शिकून परत आलेल्या. त्यांनी शर्वरीला खुर्चीत बसवलं नाही, थेट पलंगावर झोपायला सांगितलं, खिडकीचा पडदा ओढला आणि आवाज खाली आणून बोलायला लागल्या. तेवढ्यानंच शर्वरीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"ताई, हा आजार खरा आहे. पहिली गोष्ट ती," डॉक्टर म्हणाल्या. बापू जमिनीकडं बघत होते.

मग त्यांनी समजावलं. "घरात साप निघाला की काय होतं? सगळी गल्ली काठ्या घेऊन धावते. ताप आला की शरीरातही तसंच होतं. रक्तात निरोप फिरतात, सायटोकाईन म्हणतात त्यांना, आणि प्रतिकार करणाऱ्या पेशी धावून येतात. साप मेला की गल्लीनं घरी जायचं असतं. या आजारात गल्ली घरी जातच नाही. काठ्या आपटत तिथंच उभी राहते. घरातल्या माणसाला ना झोप, ना खायला अन्न, शक्ती सगळी त्या गोंधळात जाते. हा पहिला टप्पा. आम्ही त्याला पेटता टप्पा म्हणतो."

"आणि मग?" रणजितनं विचारलं.

"साधारण तीन वर्षांनी, कुणाचं थोडं आधी, कुणाचं नंतर, ती गल्लीच थकते. काठ्या टाकून जागच्या जागी झोपते. निरोप पाठवले तरी कुणी उठत नाही. हा विझता टप्पा. बाहेरून बघाल तर पेशंट तसाच, तेवढाच थकलेला. आतलं चित्र मात्र बरोबर उलटं."

"औषध निघालंय म्हणे," बापू पहिल्यांदा बोलले.

"दोन निघालीत, बापू, आणि तीच अडचण आहे. एक गल्लीला घरी पाठवतं, दुसरं झोपलेल्या गल्लीला उठवतं. पेटत्या टप्प्यात पहिलं औषध बऱ्याच जणांना उभं करतं. पण टप्पा उलटला की ते पाण्यासारखं. आणि पेटत्या टप्प्यातल्या माणसाला चुकून दुसरं दिलं, तर काठ्या घेतलेल्या गल्लीला आणखी चिथावल्यासारखं होईल. ते इंजेक्शन एकदाच देतात, सहा महिने अंगात राहतं, आणि काढून घेता येत नाही. माणूस कायमचा अंथरुणाला खिळू शकतो."

म्हणून टप्पा ओळखायला ती पट्टी. विड्याच्या पानाएवढी, आतून केसाहून बारीक सुयांची. दंडाला लावली की रक्तातले निरोप तासातासाला मोजते. एकदा रक्त तपासून हे कळत नाही, कारण खरी खूण वेगळीच आहे. पेटत्या टप्प्यातल्या माणसानं काम केलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी निरोपांचा लोंढा येतो. विझत्या टप्प्यातला माणूस कामानंतर तसाच कोसळतो, पण त्याच्या रक्तात काही हलत नाही. म्हणून पट्टी पंधरवडाभर ठेवायची आणि रोज जे काम चालतं तेवढं करायचं.

"रोजच्यासारखंच राहायचं, ताई. जास्त नको, कमी नको," डॉक्टरांनी निघताना पुन्हा सांगितलं.

शर्वरीनं ते ऐकलं. बापूंना मात्र एकच वाक्य ऐकू आलं होतं. हा आजार खरा आहे.

*

म्हणून ती केरसुणी. मागून पोळपाट. बापूंनी लाटलेली पोळी बघून रणजितला हसू आवरेना, "बापू, ही कर्नाटकचा नकाशा झाली की!" बापू म्हणाले, "तोंडात गेल्यावर नकाशा कुठला दिसतोय? खा गप." रणजितनं धुणं उचललं. शेजारच्या बायका आमटी देऊन जाऊ लागल्या. दुकानात कानस चालली की बापू तिच्या दाराला गोधडी लावत, आवाज आत जाऊ नये म्हणून. चहा तर कॉटवर येई, तोही बशीत ओतून, कारण कप उचलताना तिचा हात कापायचा हे बापूंनी हेरलं होतं. पावणेतीन वर्षं जे डोळ्यांना दिसलं नव्हतं ते आता एकदम दिसायला लागलं होतं.

शर्वरी पडून राहिली. पहिले दोन दिवस तिला लाज वाटली. तिसऱ्या दिवशी झोप लागली, खरी झोप, कितीतरी महिन्यांनी. दुसऱ्या आठवड्यात तिनं स्वतःचे केस स्वतः विंचरले. ती हसायलाही लागली.

रोज संध्याकाळी मात्र फोनवर पट्टीचा प्रश्न यायचा, बाईच्या गोड आवाजात. "आज नेहमीची कामं केलीत का?" खाली दोन चौकोन, होय आणि नाही. समोर बापू पातेलं घासत बसलेले. आता सांगा, कुठली सून अशा वेळी "नाही" दाबेल? सासरा भांडी घासतो आणि सून लोळते हे परक्या मशीनला कसं सांगायचं? आपल्याकडं घरातलं झाकून ठेवायची सवय अशी मुरलेली की डॉक्टरपुढंही पदर सावरूनच बोलायचं. शर्वरी रोज "होय" दाबत गेली. आणखी एक कारण होतं, ते तिनं नंतर स्वतःच सांगितलं. "नाही" म्हटलं असतं तर डॉक्टर म्हणाल्या असत्या, कामाला लागा. आणि ते पंधरा दिवस तिला हवे होते. मी तिला दोष देत नाही.

*

निकाल आला तो असा, की निरोपांची रेषा सपाट. कामं नेहमीची, तरी रक्तात काही हालचाल नाही. टप्पा विझता.

"तीन वर्षं पुरी व्हायची होती अजून," रणजित म्हणाला.

"काहींचा टप्पा लवकर उलटतो. पण औषध आहे, धीर सोडू नका. सोमवारी या," डॉक्टर म्हणाल्या. सोमवारी गल्लीला उठवणारं इंजेक्शन द्यायचं ठरलं.

घरी आल्यावर बापू ओट्यावर बसून राहिले. आपण त्या पेटत्या काळात हिला कामाला जुंपली, म्हणून चांगलं औषध हुकलं, हे त्यांच्या मनानं घेतलं. ते कुणी बोललं नाही आणि कुणाला नाकारताही आलं नाही.

शनिवारी धारवाडहून एका गायिकेचा तंबोरा दुरुस्तीला आला. रणजितनं खोका फोडला, गवत झटकलं, तारेवर बोट टाकलं आणि तोंड वाकडं केलं. तार खरखरली, नुसती बसक्या घशासारखी. "जवारी पार मेलीय. सगळा माथा नव्यानं घासाय लागतोय," म्हणत त्यानं कानस उचलली.

"हात लावू नको!" बापू ओट्यावरून असे ओरडले की समोरच्या दुकानातली ठाकठूक थांबली. "आरं, प्रवासाला तारा उतरवून पाठवलाय त्यो! उतरलेल्या तारंवर जवारी बघतंय व्हय कुणी? ढिली तार खरखरणारच. चढव आधी सुराला, मग बोल."

"आणि घासली असती तर?"

"तर गेली असती घोडी. घासल्यालं हाड परत येतंय व्हय?"

रणजितनं निमूटपणे खुंट्या पिळल्या. तार सुराला आली आणि बोट लावताच झंकार उठला. थोडा थकलेला होता, पण जिवंत होता.

गोधडीच्या मागून शर्वरीनं हे सगळं ऐकलं. ती एकदम उठून बसली, इतकी एकदम की डोळ्यांपुढं अंधारी आली. भिंतीला धरून तिनं हाक मारली, "रणजित! सोमवारचं इंजेक्शन थांबव!"

दोघं धावत आले. तिला धाप लागली होती. "माझ्या तारा उतरवून जवारी बघितली रे त्यांनी. पंधरा दिवस मी कुठं काम केलं? कामच नाही, तर रेघ उठणार कशी? विझलं असलं तरी सपाट, आणि पेटतं असलं तरी सपाटच."

"पण रोज ते विचारत होतं की, कामं केली का म्हणून," रणजित म्हणाला.

शर्वरीनं बापूंकडं बघितलं आणि मान खाली घातली. "मी होय म्हणत होते."

मग बापू खाली जमिनीवरच बसले. "आगं, तवा बोललो त्यानंबी बिघडलं आन् आता राबलो त्यानंबी बिघडलं. मी करू तरी काय?"

"बापू," ती म्हणाली, "रिपोर्ट चुकला. ते पंधरा दिवस नाही चुकले. लग्न झाल्यापासनं असे दिवस मी बघितले नव्हते."

बापूंनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि ते उगाच बाहेर जाऊन तंबोऱ्याच्या खुंट्या चाचपत बसले.

*

डॉक्टर मुल्ला फोनवर दिसत होत्या. त्यांनी सगळं मधे न तोडता ऐकून घेतलं. रागावतील असं शर्वरीला वाटलं होतं.

"यात माझी चूक आहे, ताई," त्या म्हणाल्या. "सुनेला 'कामं केलीत का' असं सासऱ्यासमोर विचारलं तर ती काय सांगणार? माझी अम्मीसुद्धा होयच म्हणाली असती. मला हे सुचायला हवं होतं."

"आता पुढं?"

"इंजेक्शन थांबवलं. आता टप्पा कळायचा एकच मार्ग आहे. एक दिवस खरं काम करायचं, पट्टी लावून. आजारी पडल्यावरही तुम्ही जेवढं ओढत होतात, तेवढं. मग दोन दिवस रक्त काय बोलतं ते बघायचं." त्या कॅमेऱ्याकडं झुकल्या. "पण ताई, नीट ऐका. विश्रांतीनं तुम्ही थोड्या वर आलाय. त्या दिवसानंतर खाली जाल, आणि परत एवढ्या तरी वर याल का, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. नाही म्हणालात तरी चालेल. असंच जपून राहता येईल."

"आणि तीन वर्षं होऊन गेली की?"

"मग पहिल्या औषधाचा उपयोग राहणार नाही."

फोन बंद झाल्यावर रणजित कॉटच्या कडेला बसला. "राहू दे, शर्वरी. तू काल हसलीस. मला तेवढं पुरे आहे. तंबोरे गेले खड्ड्यात. मी आणि बापू करतोय की सगळं."

तो मनापासून बोलत होता. शर्वरीला तो त्या क्षणी इतका आवडला की तिला रडूच आलं. "तू म्हणतोस ते खरंय," ती म्हणाली. "आणि मला भीतीही वाटते. पण आयुष्यभर तारा उतरवून खोक्यात ठेवलेला तंबोरा व्हायचं मला? मी वाजते का नाही, हे मला बघायचंय. मग पुढचं पुढं."

रणजितनं बापूंकडं बघितलं. हे नको म्हणतील, असं त्याला वाटलं. बापू म्हणाले, "तिच्या तारा हायत. तिनं ठरवावं."

*

बुधवार ठरला. सकाळी शर्वरीनं चहा केला, भाकऱ्या थापल्या, स्वतःचे कपडे धुतले. बापूंनी काही उचलायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. त्यांना ते जड गेलं. उलटताना भाकरी तव्याबाहेर घसरली तेव्हा ते अर्धे उठले आणि रणजितनं त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं. शेवटी ते गल्लीत जाऊन उभे राहिले. समोरच्या दुकानातून हाक आली, "काय बापू, आज केर न्हाई काढला?" बापू म्हणाले, "आज सुट्टी हाय रं," आणि त्यांनी तोंड वळवलं.

दुपारी तिनं धारवाडचा तंबोरा पुढ्यात घेतला. रणजितनं खुंट्या पिळून आणि तारांत ओवलेले मणी सरकवून तारा सुराला चढवून दिल्या होत्या. जवारी जिवंत होती, पण दुसऱ्या तारेखाली जरा दबली होती. तिनं ती तार बाजूला सारली, कानस उचलली, आणि कितीतरी महिन्यांनी घोडीवर पहिला हात फिरवला. हात विसरला नव्हता. एकदा घासणं, तार जागेवर, बोट, कान. पुन्हा तार बाजूला. प्रत्येक वेळी आवाज तिच्या कपाळात रुतत होता आणि तरी तिला तो हवा होता. घाम फुटला, ओठ पांढरे पडले. रणजित दारात उभा राहून नखं खात होता.

ऊन भिंतीवरून उतरलं तेव्हा तिनं झंकार खुलवायला तारेखाली घालतात ते सूत सारलं, किंचित मागं, किंचित पुढं, आणि चारी तारा सलग छेडल्या. पंचम, दोन जोड, खर्ज. खोली भरून गेली. समोरच्या दुकानात कुणीतरी "वा" म्हणालं.

बापू गल्लीतून आत आले. त्यांनी खर्जाच्या तारेला कान दिला, डोळे मिटले.

"हं," ते म्हणाले. मग आयुष्यात पहिल्यांदा पुढं बोलले. "माझ्या हातनं एवढी चांगली न्हाई लागली कधी."

*

ती कोसळणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी शुक्रवारी सकाळी तिला बघून रणजित दारातच थबकला. डोळे उघडवत नव्हते, पाण्याचा घोट गिळवत नव्हता. शेजारच्या खोलीत चमचा ठेवला तरी ती कण्हायची. कोसळण्याआधी तिनं बापूंना सांगून ठेवलं होतं, "मला ऐकणं सोसणार नाही, बोलणं जमणार नाही. पेटतं निघालं तर तंबोऱ्याचा मणी माझ्या मुठीत ठेवा. विझतं निघालं तर काही नको."

दुपारी डॉक्टरांचा फोन आला. रणजित तो घेऊन पार गल्लीच्या टोकाला गेला. बापू ओट्यावरून त्याच्या पाठीकडं बघत होते. पाठ हलायला लागली. रडतोय, एवढं कळलं, पण कशासाठी ते पाठीवरून कळत नाही.

रणजित वळला आणि अनवाणी धावत आला. "लोंढा आलाय, बापू! मॅडम म्हणाल्या, रेघ कागदाच्या बाहेर गेली. पेटतं आहे! औषध चालतंय!" तो ओरडत नव्हता, कुजबुजत होता, आत तिला त्रास होऊ नये म्हणून. कुजबुजत ओरडणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. आणि सूनबाईचं रक्त खवळलंय म्हणून आनंदानं मिठी मारणारी बापलेकांची जोडीही पहिल्यांदाच.

बापूंनी सदऱ्याच्या खिशातून मणी काढला. सकाळपासून तो तिथंच होता, घामानं ओला झालेला. ते चोरपावलांनी आत गेले, गोधडी बाजूला सारली आणि शर्वरीच्या उघड्या तळव्यावर मणी ठेवला. काही क्षण काही झालं नाही. मग तिची बोटं एकेक करून मिटली. मिटलेल्या डोळ्यांच्या कडेनं पाणी कानापर्यंत ओघळलं. बापूंनी ते उपरण्याच्या टोकानं टिपलं.

सलाईनमधून पहिलं औषध दुसऱ्या दिवशी घरीच सुरू झालं. डॉक्टर स्वतः आल्या. "महिने लागतील," त्या दारातच हळू आवाजात म्हणाल्या. "सगळ्यांना गुण येतो असंही नाही. पण बरोबर औषध बरोबर वेळेला चाललंय. आता मात्र पूर्ण विश्रांती. पट्टी राहू दे, मला बघायचंय."

त्या गेल्यावर बापूंनी धारवाडचा तंबोरा पाठवायला घेतला. खुंट्या एकेक करून सैल केल्या, तारा उतरवल्या, खोक्यात गवत भरलं. मग केरसुणी घेतली. आता ते केर बाहेर लोटायला शिकले होते.

संध्याकाळी शर्वरीच्या उशाशी फोन उजळला. आवाज घरच्यांनी बंद करून ठेवला होता. नुसती अक्षरं आली, आज नेहमीची कामं केलीत का? तिनं डोळे किलकिले केले, एका मुठीत मणी तसाच, आणि दुसऱ्या हाताचं बोट कसंबसं पुढं नेलं. तिनं "नाही" दाबलं.

"नाही" दाबल्यावर आणखी एक प्रश्न येतो, हे तोवर घरात कुणालाच माहीत नव्हतं. मग ती कुणी केली? खाली लिहायला मोकळी जागा.

तिच्या बोटात आता त्राण नव्हतं. तिनं बापूंकडं बघितलं. बापूंनी ओले हात धोतराला पुसले, चष्मा लावला, फोन डोळ्यांजवळ धरला आणि एका बोटानं, एकेक अक्षर शोधत लिहिलं, सासऱ्यानं.